पडवीतली डबी

आई, काल माहेरी पासलीला आल्यापासून मी तुझ्यावर चिडले आहे. गेलेल्या माणसावर अकरा वर्षांनी चिडू नये म्हणतात. पण तू करून ठेवलेलं आम्ही अजून निस्तरतो आहोत, तेव्हा आज ऐकून घे.

ती डबी तुला आठवत असेल. मी बारावीत होते. पुण्याहून कॉलेजचे एक सर गावातल्या काही घरांत मुठीएवढ्या प्लास्टिकच्या डब्या टांगायला आले होते. जमिनीतून, दगडातून रेडॉन नावाचा वायू येतो, त्याला ना रंग ना वास, बंद खोलीत तो साठतो आणि वर्षानुवर्षं छातीत जात राहिला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो, असं ते समजावत होते. डबीतल्या फिल्मवर त्याच्या खुणा उमटायच्या. "तीन महिने हात लावू नका," असं बजावून त्यांनी ती मागच्या खोलीत टांगली, कारण तू तिथं झोपायचीस. भाताच्या कणग्या, भेगाळलेली जमीन, उंदीर येतात म्हणून खिडकीच ठेवलेली नाही, आणि दार ओढून घेतलेलं. सर एसटीत बसले असतील-नसतील, तोच तू डबी खाली काढलीस. "पावन्याची वस्तू हाय. हितं जळमटात कुठं ठिवायची? लोक काय म्हनतील?" पदरानं पुसून ती तू पडवीच्या वाशाला, भर वाऱ्यावर टांगलीस. खंडेनवमीला कोयता-विळ्यांबरोबर तिलाही हळदकुंकू लावलंस. मला तेव्हा हसू यायचं, आता संताप येतो. चांगली जागा पाहुण्याला आणि कोंदट खोली स्वतःला, ही तुझी कायमची रीत. त्यात तू तपासणीलाही पाहुणी करून टाकलंस. पुढं कागद आला, घरात काळजीचं काही नाही म्हणून, आणि तो तू चौकटीत घालून पडवीत लावलास.

मग तुला खोकला लागला. भोरला डॉक्टरांनी विचारलं, "मिश्री? तंबाखू?" तू म्हणालीस, "न्हाई ओ सायेब, कंदीच न्हाई." त्यांनी मान वर न करता पुन्हा तेच विचारलं. तुझा उतरलेला चेहरा मी विसरलेले नाही. घरात चूल होती, धूर होता, ती खोलीही होती. तुला फुप्फुसाचा कॅन्सर नेमका कशानं झाला ते आता कुणीच सांगू शकणार नाही. पण तुला खोटं ठरवायचा हक्क त्यांना कुणी दिला होता?

आता त्या खोलीत दादाची मुलगी झोपते, अभ्यासही तिथंच करते. म्हणून यंदा मी पुन्हा डबी आणून टांगली आणि तिला कुणी हलवणार नाही असं भाचीकडून कबूल करून घेतलं. तरी वहिनीनं दोनदा ती बाहेर आणायची भाषा केलीच. काल निकाल आला, रेडॉन असायला हवा त्याहून बराच जास्त. करायचं काम फार मोठं नाही. भेगा बुजवून जमिनीवर सिमेंटचा कोबा करायचा, मागच्या भिंतीला खिडकी पाडायची आणि मग पुन्हा मोजायचं. दादा भिंतीला हात लावू देईना. चौकटीकडे बोट दाखवून म्हणाला, "आयेच्या टायमाला बरुबर आलं हुतं की. जमीन काय नवी हाय व्हय? तुजीच डबी बिगडली आसंल." आई, तुझ्या त्या कागदामुळे पोरगी काल पुन्हा त्याच खोलीत झोपली. मी इतकी ओरडले की गोठ्यातल्या शेळ्या बावरल्या, आणि सगळा दोष तुझ्या माथी मारून मोकळी झाले.

पण एक गोष्ट मी गाळली. सर डबी न्यायला येणार म्हटल्यावर तू घाईघाईनं कुंकू पुसून ती परत मागच्या खोलीत टांगलीस. फॉर्म मी भरला. त्यात एक प्रश्न होता, डबी सगळा काळ एकाच जागी होती का? तू चुलीपाशी उभी राहून माझ्याकडे बघत होतीस. सरांसमोर तुझी फजिती नको, म्हणून मी "हो" लिहिलं. तुला वाचता येत नव्हतं, मला येत होतं. खाली सही माझी आहे.

दादाला हे अजून माहीत नाही. हे पत्र कुठंच जायचं नाही, पण तुला सांगितल्याशिवाय त्याला सांगायचा धीर होत नव्हता. तो पडवीत, त्या चौकटीखालीच चहा पितोय. जाते मी.