काटे काढलेला मासा

लंडन, १२ मार्च १९९९

प्रिय आई,

तुझ्या लेकीच्या, सॅन्ड्राच्या, बाळंतपणासाठी मी तुला माझ्या विमान कंपनीच्या स्टाफ-पासावर इथे तिच्या घरी आणलं. विमानात मागे जागा नव्हती म्हणून तुला फर्स्ट क्लास मिळाला, आणि नेमकी माझी ड्यूटी तिथेच लागली. आपल्या अख्ख्या पाचूबंदर गावाला, तुलासुद्धा, मी विमानात ऑफिसर आहे असं सांगितलं होतं. मी ताटं उचलतो, हे तू नऊ तास बघितलंस.

तुझं लुगडं बघून शेजारच्या साहेबांनी मला विचारलं, "ही बाई तुमच्या ओळखीची का?"

मी म्हणालो, "नाही, सर."

तू खिडकीबाहेर बघत राहिलीस.

जेवणानंतर तुझं ताट उचलायला आलो. पाव संपला होता. मासा मात्र बोटांनी चाचपून, काटे शोधून, एका कडेला सारून ठेवला होता. लहानपणी माझा वाटा ठेवायचीस, अगदी तसा. त्या माशाला काटे नसतातच, आई.

"थँक्यू, सर," तू मला म्हणालीस.

पडद्यामागे जाऊन तो मासा मी उभ्याउभ्या खाल्ला.

तुला वाचता येत नाही, इथे पत्रं सॅन्ड्राच वाचून दाखवणार, म्हणून हे पेटीत टाकणार नाही.

तुझा मुलगा,
ऑगस्टीन