बोललेलं माप

३ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी चूक दुरुस्त करते. बाबांच्या पोटाचा घेर छत्तीसवर आल्याचं मागच्या पत्रात लिहिलं, ते खरं नव्हतं. घेर एकेचाळीस आहे.

दर रविवारी बाबा स्वतःच टेप लावतात, आकडा बोलतात आणि मी तो डॉक्टरांच्या वहीत लिहिते. काल दुकानातली मापांची वही चाळताना मागच्या पानावर त्यांचंच माप दिसलं. पोट सुटलेल्या गिऱ्हाइकाला वाईट वाटू नये म्हणून बाबा तोंडाने कमी आकडा सांगतात आणि खरा लिहून ठेवतात. शिंप्याच्या लेकीला हे सुचू नये!

माझ्या आकड्यांवरून डॉक्टरांना वाटलं, लिव्हरमुळे साठलेलं पाणी उतरतंय. त्यांनी गोळ्या वाढवल्या नाहीत, बेंबीचा हर्निया शिवायचं बोलू लागले. बाबा खूश, कधी एकदा दुकानात कापड कापायच्या टेबलाशी उभा राहतो असं झालंय. सांगितलं तर चहाडी होते, गप्प बसले तर काय होईल? आणि आडवं झालं की हा हर्निया जातो तरी कुठे?

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
भाची

७ जून

चि. बारकूस,
अ. उ. आशीर्वाद.

तीस वर्षं ऑपरेशनच्या खोलीत नर्स होते, पण असा चोर आपल्याच घरात निघाला! लहानपणी ताप आला की हा थर्मामीटर झटकून ठेवायचा.

बेंबीशी पोटाच्या भिंतीला भोक पडलंय. त्यातून आतडं डोकावतं, आडवं झालं की परत आत जातं. पोटात पाणी असताना ते शिवलं तर आतल्या दाबाने टाके उसवतात. म्हणून आधी पाणी उतरवायचं, मग शिवायचं. चाकू लावण्याआधी सर्जन पोट बघतोच गं, पण तोवर औषध चुकीच्या मापावर चाललं ना. नुसतं थांबूनही चालत नाही, आतडं भोकात अडकलं तर घाईत करावं लागलेलं ऑपरेशन अशा माणसाला फार जड जातं.

फुगवटा कडक झाला, आत जाईना, दुखलं, उलटी झाली किंवा कातडी ओली दिसली, तर मला पत्र लिहीत बसू नकोस, तडक दवाखाना गाठ. कातडी दिसते कशी, तेवढंच लिहिलं नाहीस.

डॉक्टरांना सांगच. पण त्याच्या पाठीमागे नको, त्याला शेजारी बसवून.

लोभ आहेच, तो टिकवणं तुझ्या हाती.
आत्या

११ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आज टेप मी लावला. साडेएकेचाळीस. बाबा आडवे झाल्यावर हर्निया आत गेला. कातडी कोरडी आहे, पण चकचकीत आणि अस्तराच्या कापडासारखी पातळ.

बाबांना त्यांचं पान दाखवलं. आधी म्हणाले, गिऱ्हाइकाचं माप दुसऱ्याने बघायचं नसतं. मग बराच वेळ कात्रीला तेल देत बसले. शेवटी म्हणाले, की आकडा कमी ऐकून मी इतकी खूश व्हायचे, की वाढवून सांगायला जीभ रेटेना. खूश तर मी होतच होते.

डॉक्टरांना खरं सांगायला तयार झालेत. अट एकच, आकडा ते स्वतः सांगणार. त्यांनी कमी सांगितला तर मी तिथल्या तिथे बोलेन, हेही त्यांना सांगून ठेवलंय. पाणी काढायचं की गोळ्या बदलायच्या, ते डॉक्टर ठरवतील. तोवर सकाळ-संध्याकाळ कातडी बघते.

काळजी करू नकोस म्हणत नाही, थोडी तूही कर.
तुझी भाची

ता. क. लिव्हरचे डॉक्टर आठवड्यातून एकदाच बसतात. सकाळी नऊला आम्ही दोघं त्यांच्या दारात असू, मंगळवारी, चौदा जूनला.