करड्याच्या पायातला दोरा

३ डिसें.
शेजारच्या गयाचं शेवटचं पिल्लू गेलं. ऊसतोडीला जाताना चार कोंबड्या माझ्याकडे अर्धलीनं ठेवून गेली होती. पिल्लं निम्मी तिची, निम्मी माझी. चौदा निघाली, एक उरलं नाही. रक्ती हगवण. औषध पाण्यातून दिलं, खुराड्यात अंथरलेलं तूस बदललं. मी पशुसखी, गावभर लसी टोचत फिरते, आणि माझ्याच दारात हे.

४ डिसें.
आमच्या गावठी कोंबड्याची, करड्याची, नऊ पिल्लं मात्र टुणटुणीत. तेच खुराडं, तेच पाणी. तीही दोन दिवस पंख सोडून बसली, मग दाणे टिपायला लागली. गयाची पिल्लं सरकारी योजनेच्या पांढऱ्या कोंबड्याची, ही आमच्या करड्याची. जनावरांच्या डॉ.ना फोन केला. म्हणाले, "आतड्यातला परजीवी आहे, सगळ्यांच्याच पोटात जातो. काहींच्या रक्तातच तो सोसायची ताकद असते, आईबापाकडून आलेली. नऊ पिल्लांवरून सांगता येत नाही. कोंबडा जपा, त्याच्या पिल्लांच्या अजून दोन खेपा काढू."

दोन वर्षांपूर्वी मीच दारोदार सांगत होते, गावठी नर विका, योजनेचा घ्या, पिल्लं वजनदार. सगळ्यांनी ऐकलं. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, तेवढ्या बधल्या नाहीत. म्हणून करडा राहिला. गावातला शेवटचा.

१९ जाने.
दुपारी जरा डोळा लागला तर आत्याबाईंची हाक. "करडा द्यायचा राह्यलाय गं." मागच्या दिवाळीत जीव सोडताना हेच शेवटचं बोलल्या होत्या. आमची लेक पल्लवी तापानं फणफणली होती, नगरला दवाखान्यात, तेव्हा आत्याबाईंनीच करड्याच्या पायात हळदीचा दोरा बांधला. लक्ष्मीआई, पोर उठू दे, हा तुझा. पोर उठली. आता नगरलाच नर्सिंग शिकतेय. औषधानं उठली, हे मला कळतं. तरी करडा अंगणातून गेला की मला आधी दोरा दिसतो.

८ फेब्रु.
गयाचा फोन, फडावरून. "ताई, पिल्लं लई झाली असत्याल नव्हं?" आहेत म्हणाले. जीभ कशी वळली कोण जाणे. करड्याची सगळी तिला देईन.

२ मार्च
हे म्हणाले, यंदा यात्रेत नवस फेडायचा. मी डॉ.चं सांगितलं.
"आईनं सोडलेला कोंबडा हाय. त्याला डाक्टरला इचारायचं व्हय?"
आणखी एक खेप निघू दे म्हटलं.
"तिचा जीव अडकलाय. तुला हाक येती, मला काय येत न्हाई?"
म्हणजे ह्यांनाही. एवढे दिवस बोलले नाहीत.

२९ मार्च
पाथर्डीच्या बाजारातून तसाच दुसरा करडा कोंबडा आणला, गयाच्या बंद घरात लपवला. हे सुप्याला गेलेले. शेपटीत दोन पांढरी पिसं होती, उपटली. कोंबडा ओरडला. मला रडू आलं, कशाचं ते...

५ एप्रिल
दोरा काढायला बसले. गाठ आत्याबाईंची, सुटेना. कात्री लावली. तोच दोरा बाजारच्याच्या पायात, गाठ माझी. आमचा करडा गयाच्या बंद घरात कोंडला, किल्ली आमच्याच खुंटीवर असते. देवीला फसवतेय की आत्याबाईंना? दोघींनाही. आणि ह्यांना.

७ एप्रिल, मंगळवार
यात्रा. देवीच्या ठाण्यापुढे कोंबड्यावर पाणी शिंपडलं. त्यानं अंग झाडलं की देवीनं घेतला, मगच सुरी. झाडेना. परत शिंपडलं. नुसता उभा, पाणी निथळतंय, माझ्याकडे बघतोय. तिसऱ्यांदा अख्खा तांब्या ओतला. मागे बायका कुजबुजायला लागल्या. पुजारी म्हणाला, "घेत न्हाई. काय तरी चुकलंय. पुढल्या मंगळवारी या."

परत आलो. हे काखेत कोंबडा घेऊन दारात उभे, मी कडी काढतेय, आणि गयाच्या बंद घरातून करडा आरवला. भर दुपारी, तीनदा. ह्यांनी काखेतल्याकडे बघितलं. पायातल्या गाठीकडे. मग त्याला डाल्याखाली झाकलं.

८ एप्रिल
ह्यांनी ताट आपलं आपण वाढून घेतलं. जेवले.

१० एप्रिल
सकाळी गयाच्या घरात दाणे टाकायला गेले तर करड्यापुढे वाटीत ताजं पाणी. मूठभर बाजरी. मी ठेवली नव्हती. ह्यांनीच ठेवली असेल. विचारायला बाहेर आले तर फोन वाजला. पल्लवी.
"आई, जरा कणकण वाटतीय गं. हवा बदललीय, बाकी काही नाही. नवस फेडला ना?"
हे अंगणात उभे राहून ऐकत होते.
मंगळवारला चार दिवस.