पाच मीटर मांजरपाट

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.

नवी डायरी. पहिली पाच पानं कोरी गेली, त्याला कारण आहे. शालनच्या पोटात गाठ निघाली. काल लेक अंकिता सांगलीहून गाडी घेऊन आली आणि आईला मिरजेच्या हॉस्पिटलात अ‍ॅडमिट केलं. शुक्रवारी ऑपरेशन. मीही बसणारच होतो, पण मागच्या सीटवर कुकर, चादरी, पिशव्या. जागा नव्हती. म्हणजे एक पिशवी मांडीवर घेतली असती तर होती, पण माझ्या गुडघ्याला ते झेपत नाही.

गुरुवारी जाणार. मधल्या तीन दिवसांचा प्लॅन पक्का आहे. बाहेरच्या खोलीची भिंत ओकीबोकी दिसते असं शालन गेली बारा वर्षं म्हणते. ती घरी येईल तेव्हा तिथं तीन मोठी कॅनव्हास पेंटिंग्ज असतील. फ्रेमसकट, घरी बनवलेली. पेशंटच्या उशाशी नुसतं बसून राहणारे पुष्कळ असतात. मी काम करणारा माणूस आहे.

७ जानेवारी, मंगळवार. रात्र.

यूट्यूबवर एक मुलगी अकरा मिनिटांत कॅनव्हास बनवते. मला फौजेची शिस्त आहे, तेव्हा फार तर तास.

लाकूड: माळ्यावरची आंब्याची पेटी. कापड: जुनी बेडशीट. चार पट्ट्या कापल्या, खिळे मारले. फ्रेम जमिनीवर ठेवली की तीन कोपरे टेकतात, चौथा सलाम करतो. किरकोळ आहे. भिंतीवर गेल्यावर कोण बघतंय.

संध्याकाळी शालनचा फोन. जेवण, डबा, शेजारच्या बेडवरची बाई, सगळं सांगितलं. मग म्हणाली, फार काही मागत नाही, पण आत नेतील तेव्हा तुम्ही दाराशी उभे राहा, मला तोंड दिसू दे. मी म्हटलं, फौजीचा शब्द आहे. तिला धीर आल्यासारखं वाटलं. मला तर आलाच.

८ जानेवारी, बुधवार.

कापडाला आधी पांढरा लेप द्यावा लागतो. त्याची तयार बाटली उंब्रजमध्ये कुणी ठेवत नाही. फेविकॉल, खडूची पूड आणि उरलेलं डिस्टेंपर एकत्र केलं. डोकं असलं की काही अडत नाही.

दुपारी दोनला फाटकन आवाज. लेप वाळताना बेडशीट आकसली आणि पेटीच्या पट्ट्या मधोमध मोडल्या. दोष पेटीचा. आंब्यांची होती, कलेची नव्हती.

९ जानेवारी, गुरुवार. दुपारी दीड.

बॅग कालच भरून ठेवली होती. साडेआठची एसटी पकडायची होती, पण चष्मा सापडेना. बस गेल्यावर खिशातच मिळाला. दहाच्या बसला गर्दी. अकराच्या बसला पुढचं टायर मला ठीक वाटलं नाही.

एकला अंकिताचा फोन: आईची शुगर वाढली, ऑपरेशन सोमवारवर गेलं. बघा! गेलो असतो तर हेलपाटा झाला असता. आतून काहीतरी सांगत असतं माणसाला.

शालननं फोन घेतला. तिला वाटलं होतं मी बसमध्ये आहे. अंकिताला खाली स्टँडवर न्यायला पाठवायच्या बेतात होती. मी घरीच आहे म्हटल्यावर तिनं अंकिताला चप्पल काढून ठेवायला सांगितलं. मी सांगितलं, रविवारी येतो आणि मुक्कामच करतो.

११ जानेवारी, शनिवार.

आता काम पद्धतशीर. नव्या व्हिडिओत बांबूची फ्रेम दाखवली आहे. आपल्याकडं कळक हवे तेवढे.

आप्पासोच्या दुकानात गेलो. त्याच्याकडं कापडापासून कळकापर्यंत सगळं मिळतं. म्हटलं, पांढरा मांजरपाट पाच मीटर, दोन लांब कळक आणि सुतळीचा गुंडा. एरवी हा माणूस गिऱ्हाइकाकडं मान वर करून बघत नाही. आज गादीवरून उठला. दुसऱ्या गिऱ्हाइकाला थांबवलं. कापड स्वतः फाडलं. अंकिता कुठं आहे विचारलं. म्हटलं, मिरजेला, आईपाशी. भावकीतलं कुणी सोबत नाही का विचारलं. म्हटलं, मला कुणी लागत नाही, सगळं मीच करणार.

तो म्हणाला, "मेजर, ह्या कामाला घरच्या माणसानं सवता येऊ नये वो."

मी म्हटलं, घरच्याच माणसानं करावं, त्यातच समाधान आहे. त्यानं टॉवेलनं डोळे पुसले. मला गावात सगळे मेजर म्हणतात. होतो स्टोअरला हवालदार, पण लोकांना माणसाची पत कळते. कळक त्यानं गड्याकरवी घरपोच केले. कलेची इतकी कदर उंब्रजमध्ये असेल असं वाटलं नव्हतं.

उद्या दहाच्या बसनं मिरज. बॅग भरलेलीच आहे.

१२ जानेवारी, रविवार. संध्याकाळ.

आज जे झालं ते शांतपणे लिहून काढतो. चूक कुणाची हे त्यातून आपोआप दिसेल.

सकाळी साडेआठला लेप दिलेला मांजरपाट अंगणात उन्हात पसरला होता. कळक तासायला बसलो होतो. दहाला बस, म्हणजे तास-दीड तास हातात. तेवढ्यात शेजारच्या रंगूबाई तोंडाला पदर लावून आल्या. मागून आठ-दहा बायका. मग बापयमाणसं, डोक्याला टॉवेल बांधून. सगळे येऊन बसले, कुणी काही बोलेना. मला वाटलं, संक्रांतीची काही बैठक असेल.

भावकीतल्या दोघांनी माझ्या हातातला कळक काढून घेतला आणि बांधायला लागले. हात काय त्यांचा! आडव्या कामट्या सारख्या अंतरावर, सुतळीची गाठ पक्की. म्हटलं, फ्रेमची जाण असलेलं कुणी तरी भेटलं. फक्त फार लांब करत होते. मी म्हटलं, एवढी नको, चार फुटांत बसेल. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

तेवढ्यात शालनचा धाकटा भाऊ नानासो रहिमतपूरहून मोटारसायकलवर आला. गाडी अंगणात तशीच आडवी टाकली आणि माझ्या गळ्यात पडला. आक्काला कधी आणणार, एवढंच विचारत होता.

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. पांढरं कापड पाच मीटर, दोन कळक, सुतळी. आप्पासोनं हिशेब जुळवला आणि गावाला कळवलं.

मी सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं: शालन जिवंत आहे, ऑपरेशन उद्या आहे, हे कॅनव्हासचं सामान आहे. विश्वास बसावा म्हणून मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यातली मुलगी हसत हसत कापड ताणत होती. नानासो खाली बसला आणि त्यानं डोकं गुडघ्यांत घातलं. बांधणाऱ्या दोघांनी गाठी सोडायला घेतल्या.

रंगूबाईंनी तोंडावरचा पदर काढला. "शालन जित्ती हाय. उद्या तिचं पोट फाडणार हायती. मग तुमी हितं काय करताय?"

सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी म्हटलं, कॅनव्हास.

लोक उठले. मी चहाचं विचारलं, कुणी थांबलं नाही. मयताच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. इथं कुणी मेलेलं नव्हतं. तरी कुणीही 'येतो' म्हणालं नाही.

नानासो तिथूनच मिरजेला निघाला. गाडी चालू करून म्हणाला, दाजी, मागं बसा. थंडीत, मोटारसायकलवर, इतक्या लांब, ह्या वयात? शिवाय कापडाला लेप दिलेला होता, ते उन्हातून काढायला कुणी तरी हवं होतं. म्हटलं, तू हो पुढं, मी पहाटेच्या पहिल्या बसनं येतो. त्यानं परत विचारलं नाही. एकदा परत विचारायला हवं होतं त्यानं. मी कदाचित बसलो असतो.

अंकिताचा फोन आला. सकाळपासून तिला अकरा जणांनी फोन केले. बारावा थेट शालनच्या मोबाइलवर. कोण बाई रडून विचारत होती, शालन कधी गेली म्हणून, आणि शालननंच उचललेला. मी अंकिताला आप्पासोचा बेजबाबदारपणा समजावून सांगायला लागलो. ती मध्येच म्हणाली, आण्णा, आई आधी हसली. मग तिनं विचारलं, लोक आपल्या घरी गेले तेव्हा तुझे आण्णा घरी होते का.

मी विचारलं, तू काय सांगितलंस. तिनं फोन ठेवला होता.

१३ जानेवारी, सोमवार.

पहाटे ५.१०. आंघोळ झाली. कपडे घातले. बॅग दारात.

५.४०. बस हायवेला थांबलेली ऐकू आली. निघालेलीही ऐकू आली.

६.३०. छातीत धडधडतंय. बीपी असणार. असल्या अवस्थेत प्रवास करून मीच आडवा पडलो तर अंकितानं कुणाकुणाकडं बघायचं? न जाणं हीच जबाबदारी.

८.५०. नऊला आत नेणार. रात्री बांधलेल्या फ्रेमवर चित्राला सुरुवात केली. कृष्णेचं पात्र, पलीकडं ऊस, वर सूर्य.

९.१५. आता नेलं असेल. दाराशी नानासो असेल. नानासोचं तोंड तिच्यासारखंच आहे, नाक आणि हनुवटी सेम. तिला घरचं माणूस दिसलंच असेल.

१०.००. हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. आई कराडला शेवटच्या आजारात होती तेव्हा मला रजा मिळाली नाही असं मी पस्तीस वर्षं सांगत आलो. शालनलाही तेच सांगितलं आहे. रजा मंजूर होती. रेल्वेचं वॉरंट खिशात होतं. पुण्यापर्यंत आलो आणि स्टेशनवर दोन दिवस बसून राहिलो. दवाखान्याच्या दारातून आत जायचं म्हटलं की माझे पाय उचलत नाहीत. आपलं माणूस नळ्या लावून पडलेलं मला बघवत नाही. भीती वाटते. आई गेल्याची तार युनिटवर पोचली तेव्हा मी स्टेशनवरच होतो.

१०.२०. पण त्या वेळची गोष्ट वेगळी होती.

१२.००. अंकिता फोन उचलत नाही. नानासोही नाही.

२.३०. नानासोचा मेसेज: झालं. बरी हाय.

बघा! मी नव्हतो म्हणून काही अडलं का? उगाच दाराशी गर्दी. चित्रातला ऊस मात्र नदीत उतरला. सूर्य पुसायला गेलो तर सगळंच राखाडी झालं. ह्याला मॉडर्न म्हणतात. शहरात लोक अशी चित्रं मुद्दाम काढतात.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

तिळगूळ घेऊन कुणी आलं नाही. लोक बिझी असतात.

कॅनव्हास वाळला. सुटलेला एक कोपरा परत बांधला आणि शालनला दाखवायला न्यायचं ठरवलं. तीनपैकी एकच झाला, पण वस्तू हातात असली की बोलायला सोपं जातं. ऑपरेशन पार पडलं आहे, तेव्हा आता जायला हरकत नाही.

१५ जानेवारी, बुधवार. रात्री ९. उंब्रज.

गेलो. पहिल्याच बसनं गेलो, हे नोंदवून ठेवतो.

कॅनव्हास पेपरात गुंडाळून घेतला होता. हॉस्पिटलच्या गेटवर वॉचमननं आत नेऊ दिला नाही. त्याच्या खुर्चीमागं ठेवला. गेटपासून जिन्यापर्यंत जायला मला वीस मिनिटं लागली. पायऱ्या चढलो, एवढं खरं.

शालन उशीला टेकून बसली होती. वाळली आहे, पण बरी आहे. अंकिता फळ कापत होती. तिनं मला बघितलं आणि सुरी खाली ठेवली. मी म्हटलं, आलो. शालननं मान हलवली.

शेजारच्या बेडवर जयसिंगपूरची एक म्हातारी आहे. तिनं शालनला विचारलं, पाहुणं कोण म्हणायचं?

शालन म्हणाली, "आमच्या गावचं हायती."

भुलीच्या औषधाची गुंगी दोन-दोन दिवस राहते. माणसं ओळखू येत नाहीत, हे मी वाचलेलं आहे.

मी स्टुलावर बसलो. तिनं अंकिताला सांगितलं, खालच्या कॅन्टीनचा चहा नको, थर्मासमधला दे, बिनसाखरेचा, त्यांना शुगरची भीती वाटते. मग अंकिताला विचारलं, सकाळची गोळी घेतलीस का, तुझं डोकं थांबलं का. डॉक्टर राउंडला आले तर त्यांना तारीखवार सगळं सांगितलं, कुठल्या दिवशी किती शुगर होती ते. गुंगीत असलेलं माणूस असं सांगू शकतं का, मला माहीत नाही.

घरी कधी न्यायचं, मी विचारलं. अंकिता म्हणाली, आई सांगलीला राहणार आहे माझ्याकडं. म्हटलं, किती दिवस? अंकितानं फळाची फोड आईच्या हातात दिली. भिंतीचं बोलावं असं वाटलं, पण जुळेना.

चहा संपला. शालन म्हणाली, चारची कराड गाडी बरी असते, नंतर गर्दी होते. मी उठलो. येतो म्हटलं.

तिनं हात जोडले.