गेरू लावलेली झाडं

लातूर, फाल्गुन शुद्ध ११, शके १८६४

चि. सौ. शिवकांतास शरणप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे आई खुशाल. तुझी आठवण काढल्याशिवाय तिला घास उतरत नाही. खुशखबर अशी, की लढाईमुळे पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशावर चालून राहिल्या. म्हणून मी आणि भागीदार चंद्रप्पाने तुमच्या पळसदरीमागच्या डोंगराचा गुत्ता, म्हणजे झाडतोडीचा ठेका, घेतला. पाडव्यानंतर झाडं तोडून तिथंच कोळसा पाडू. माणिकप्पा दाजींना देखरेखीवर ठेवतो. अण्णा कधी येत नाही म्हणून रुसायची सोय आता गेली. महिनाभर तुझ्या हातची अंबाडीची भाजी खाणार, आता जा म्हणून तूच हात जोडशील.

मुलांना गोड पापा. माया राहू दे.
तुझा अण्णा

पळसदरी, भोकरजवळ, फाल्गुन वद्य ४

ती. शरणप्पा अण्णांस धाकट्या शिवकांताचे शरणार्थी. वि. वि.

पत्र उघडून आधी हसले, मग तसंच हातात धरून बसले. सासूबाई पार्वतम्मांना वाचून दाखवलं. त्या अर्ध्यातच उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी डोंगरातल्या झऱ्यावर बायांनी मला पाहून पाठ फिरवली. लक्ष्मीबाई सुईण, माझी दोन्ही बाळंतपणं जिच्या हातची, तिनं एवढंच विचारलं, की तुझा भाऊ लाकूडच नेणार का वैशाखातलं पाणीपण.

तुमचे दाजी मात्र लई खूश. गावातल्या पुरुषांना मजुरी दिसून राहिली. त्यावरून आमचं दोन दिवस बोलणं बंद आहे. अण्णा, माहेरच्या माणसाला नको म्हणायला जीभ रेटत नाही. पण कुऱ्हाडीवाल्यांच्या आधी तुम्ही एकटे या. आठ दिवस आमच्यासंगं डोंगर फिरा. मग काय ते ठरवा.

आईच्या पायावर डोकं ठेवते. कृपा असू द्यावी.
तुमची शिवकांता

लातूर, चैत्र वद्य ९, शके १८६५

चि. सौ. शिवकांतास अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचलो. तिथं बोलायचं राहून गेलं, ते आता लिहितो.

तोडायला नको असतील ती झाडं गेरूनं खुणवा, सोडून देतो, असं मीच बोललो. वाटलं, दहा-वीस होतील. पहिल्या दिवशी तांबडं फुटायच्या आधी बाया मोहाची फुलं वेचायला निघाल्या आणि वेचता वेचता एकेक मोह खुणवत गेल्या. मग चारोळी, टेंभुर्णी, पत्रावळीचे पळस. लक्ष्मीबाईनं कुणाच्या सालीचा काढा बाळंतिणीला, कुणाचा डिंक, ते सांगत खुणा केल्या. पार्वतम्मांनी बेलाला हात जोडून गेरूचं बोट टेकवलं. झऱ्यावरचा उतार तर अख्खाच लाल झाला. का, असं विचारलं तेव्हा बाया म्हणाल्या, मागं पलीकडच्या अंगाची झाडं गेली आणि तिकडचा झरा दोन सालांत आटला.

तिसऱ्या दिवशी पुरुष आले. आता तरी कुणी माझ्या बाजूनं बोलेल, असं वाटलं. तर दाजींनीच गेरूची वाटी हातात घेतली आणि गाडीच्या आसाला लागतो म्हणून धावडा खुणवला! चौथ्या दिवशी गेरू संपला. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. एकटाच कोरं झाड शोधत हिंडलो. एक सापडलं, वाळकं. त्यावर घारीचं घरटं.

गुत्ता सोडला. चंद्रप्पा बोलत नाही. अर्धापूरकडे शेतांच्या बांधावर जुन्या बाभळी आहेत, शेतकरी राजीखुशीनं देतात, त्यावर यंदाचा कोळसा निभेल. पण मी सोडला म्हणून डोंगर सुटला नाही. उद्या दुसरा गुत्तेदार येईल. सोबत नांदेडच्या जंगलकचेरीसाठी उर्दूत लिहून घेतलेला अर्ज धाडतो. त्यावर सगळ्यांचे अंगठे घ्या. बायांचेही.

लोभ वाढता असावा.
तुझा अण्णा

पळसदरी, आश्विन शुद्ध ३

ती. शरणप्पा अण्णांस शिवकांताचे शरणार्थी. वि. वि.

तुमच्या अर्जावर जंगलाचे साहेब भादव्यात स्वतः घोड्यावरून आले. डोंगरातून तुम्हाला काय मिळतं, असं त्यांनी विचारलं आणि सगळ्या बाया एकदम बोलायला लागल्या. मग त्यांनी एकेकीला पुढं बोलावलं आणि दुपार कलेपर्यंत लिहीत राहिले. पलीकडच्या गावचे लोकही आले. त्यांची जनावरं आता आमच्याच झऱ्यावर येतात, हे त्यांनी सांगितलं. एरवी ती माणसं आमच्याशी भांडायलाच येतात.

परवा हुकूम आला. खालचा उतार कचेरीनं हातात ठेवला, तिथं पुढं काय होईल, सांगता येत नाही. पण झऱ्याच्या वरचा सारा डोंगर दहा सालं तोडायचा नाही. वाळलेलं लाकूड, फुलं, पानं, फळं गावानं घ्यावीत आणि राखणही गावानंच करावी. तुमचे दाजी पाळीनं राखणीला जातात आणि घरी येऊन आम्हालाच कायदा शिकवतात.

पाटलांनी हुकूम चावडीपुढं वाचला. बायांनी पुन्हा वाचायला लावला, मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा ऐकून लक्ष्मीबाई उठली, म्हणाली, झालं न्हवं वाचून, चला, उन्हं चढायच्या आत मोळ्या आणू. सगळ्या हसत डोंगराकडे निघाल्या. मीही विळा आणि दोरी घेतली.

आईला घेऊन दिवाळीला या. माया आहे, ती अशीच असू द्या.
तुमची शिवकांता