पुलाच्या अलीकडे

सिल्वासा,
५ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
प्राजक्ताचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं डाव्या हाताचं पत्र मिळालं. अक्षर अजून तिरकं आहे, पण गेल्या खेपेपेक्षा ओळी कमी घसरल्यात. माझ्या चौथीच्या वर्गात बसवायला हरकत नाही. मी फोन केला की तुम्ही तो लगेच आईच्या हातात देता. शब्द अडखळतात म्हणून लाजायचं, आणि तेही माझ्याशी? असो, त्या निमित्ताने पोस्टाला एक गिऱ्हाईक मिळालं.

बातमी अशी की ९ फेब्रुवारीला इथे अर्ध मॅरेथॉन आहे आणि मी नाव दिलंय. एकवीस किलोमीटर. हसू नका. जमेल तो निधी सुरंगीकडच्या पाड्यांवर जाणाऱ्या एका गाडीसाठी आहे. पक्षाघात झालेल्यांना घरी जाऊन व्यायाम शिकवायचा, एवढंच तिचं काम. इथल्या मोजणी खात्यात वीस वर्षं तुमची साखळी धरणारे सुकदेवकाका तिथेच खाटेवर आहेत, आणि दुखणं तुमचंच. तुमच्याकडे निदान गुहागरहून माणूस येतो, त्यांच्याकडे कुणीच येत नाही.

माझी एक अट आहे. मी एकवीस किलोमीटर धावते, तुम्ही अंगणाचं बेडं उघडून फाटकाबाहेर रस्त्यावर या. गेल्या एप्रिलपासून तुम्ही बाहेर पाऊल टाकलेलं नाही. डॉक्टर म्हणतात चालता येईल, आई म्हणते तुम्ही चालत नाही. असंच राहिलं तर पाय कायमचा जाईल, याची मला फार भीती वाटते.

आईला नमस्कार. रागावलात तर रागाचं पत्र पाठवा, पण पाठवा.

तुमची,
प्राजक्ता


पालशेत,
१४ जानेवारी २०२५

चि. प्राजक्तास अ. उ. आ.

पत्र पोचले. प्रकृती अशी : उजवा हात खांद्यापर्यंत वर जातो, बोटे मिटत नाहीत. उजवा पाय ओढावा लागतो. अंगणात काठीने रोज बारा फेऱ्या होतात. अंगण मला पुरते.

बेड्याबाहेर थोडे पुढे चेतनचे दुकान आहे आणि दुकानाच्या पायरीवर सकाळपासून माणसे बसलेली असतात. तीस वर्षे मी ताठ चालत लोकांच्या हद्दी मोजल्या. आता लोकांनी माझी चाल मोजावी, हे मला नको. तेव्हा अट मान्य नाही.

सुकदेवचे वाचून वाईट वाटले. शर्यतीचा मार्ग कळव, तिथले सगळे रस्ते माझ्या पायाखालचे आहेत. आणि अर्ध मॅरेथॉन एकवीस किलोमीटर नसते, वर साडेसत्त्याण्णव मीटर असतात. बूट जुनेच घाल.

आशीर्वाद आहेतच, ते मोजून देत नाही.

नारायण


सिल्वासा,
१० फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

धावले! दोन तास बावन्न मिनिटं. आज शाळेचा जिना उतरताना कठड्याला धरून उलटी उतरले, मुलींनी वर्गात टाळ्या वाजवल्या.

आधी नरोलीच्या बाजूने जाऊन परत, मग राखोलीच्या बाजूने. रात्रपाळी सुटलेले कामगार डबे घेऊन रस्त्याकडेला उभे राहिले होते. दमणगंगेच्या पुलावर ट्रक बंद पडला होता, म्हणून पलीकडच्या वडापर्यंत न नेता आम्हाला पुलाच्या अलीकडूनच वळवलं. शेवटी उजव्या पोटरीत गोळा आला आणि तीन किलोमीटर मी पाय ओढत आले. लोक बघत होते. बघू दिलं. तेव्हा तुमची फार आठवण आली.

प्रमाणपत्र सोबत आहे. ते तुमच्यासाठीच आहे, भिंतीवर लावा.

पायांसकट सर्व जण इथे खुशाल.

प्राजक्ता


पालशेत,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. प्राजक्तास अ. उ. आ.

तुझे कौतुक वाटते. परंतु प्रमाणपत्र परत पाठवत आहे. पुलाच्या अलीकडच्या टोकापासून त्या वडापर्यंत एकशे सत्तर मीटर आहेत. साखळी सुकदेवने धरली होती, नोंद मी केली होती. जाऊन-येऊन तीनशे चाळीस मीटर तू धावली नाहीस. कागदावर मात्र पूर्ण अंतर लिहिले आहे. खोटे माप भिंतीवर लावणे मला जमणार नाही. पोटरी बरी झाली की तेवढे धावून टाक.

पोटरीला गरम पाण्याने शेक दे. तुझी आई माझ्यावर रागावली आहे, हेही कळवून ठेवतो.

नारायण


सिल्वासा,
२५ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट उघडल्यावर मी रडले. ते तीनशे चाळीस मीटर मी धावणार नाही. राहू देत अपुरे.

रविवारी त्या गाडीबरोबर सुरंगीला गेले होते. सुकदेवकाकांना दोघांनी धरून उभं केलं. उभ्या उभ्या त्यांनी पहिली चौकशी तुमची केली, साहेब चालतात का म्हणून. मला खरं सांगवेना. मी सांगितलं, रोज टपालपेटीपर्यंत जातात. ते इतके खूश झाले की आपणहून एक पाऊल टाकलं.

तुमच्या घरात खोटं माप चालत नाही ना? मग तुमच्या नावावर ही एक खोटी नोंद मी करून आले आहे. तिचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

आज आणखी काही लिहवत नाही.

प्राजक्ता


पालशेत,
१७ मार्च २०२५

चि. प्राजक्तास अ. उ. आ.

तुझे पत्र वाचून मला लाज वाटली. तिसऱ्या दिवशी तुझ्या आईला टेप शोधायला सांगितले.

त्या दिवशी बेड्याबाहेर वीस मीटरवरून परतलो. मग रोज थोडे थोडे वाढवले. काल टपालपेटी गाठली. एकशे बावन्न मीटर भरले. म्हणजे अठरा कमी पडत होते. म्हणून तसाच पुढे चेतनच्या दुकानाच्या पायरीपर्यंत गेलो. पायरीवर चौघे बसले होते. त्यांनी पाहिले. एकाने सरकून जागा करून दिली. मी बसलो नाही, कारण परतीचे एकशे सत्तर बाकी होते. तुझी आई मागून टेप धरून येत होती. ती सुकदेवइतकी सरळ धरत नाही, पण माप बरोबर आहे. एकूण तीनशे चाळीस. तुझे अंतर आता पूर्ण झाले.

सुकदेवला तू सांगितलेस त्यात ‘रोज’ हा शब्द आहे. आजपासून तोही खरा करतो. त्याला तसे कळव.

प्रमाणपत्र परत पाठव. भिंतीला खिळा मारून ठेवला आहे.

तुला आशीर्वाद, आणि तुझ्या पोटरीलाही.

नारायण

ता. क. आजवरची पत्रे तुझी आई पेटीत टाकत असे. हे मी टाकणार आहे.