हुडकेश्वर ते कळमना, बंद इंजिनाने

हुडकेश्वर, नागपूर
८ जानेवारी २०२५

चि. सोनिका हिस,

अ. आ. मोठ्या भावाने आशीर्वाद लिहायचे असतात म्हणून लिहिले. मनात नाहीत.

तुझी सायकल बंद पडली आहे. माझी नव्हे, तुझी. माझी होती तेव्हा ती साधी होती आणि पायाने चालत होती. दिवाळीनंतर कळमन्याच्या बाजारात मिरचीच्या पोत्यांची थप्पी माझ्या गुडघ्यावर कोसळली, आणि तुला कोणी न सांगता तू भंगारातलं इंजिन आणून तिला बसवलंस. पंधरा दिवस वस्तीला धूर खाऊ घातलास. ती चालू लागल्यावर तिसऱ्या दिवशी घर सोडून गेलीस. मला नाही, आईलाही नाही, पाण्याच्या टाकीवर खडूने लिहून गेलीस की पारशिवनीकडे जाते. काय वं, टाकीला सांगितलं म्हणजे घरी सांगितलं झालं?

एक तारखेपासून इंजिन एक ठिणगी दाखवत नाही. पेडल मारतो, क्लच सोडतो, ते दोनदा खोकतं आणि गप्प. बारा किलोमीटर पायाने रेटणं या गुडघ्याने जमत नाही. दोन ऑटो बदलून जातो तेव्हा साडेसहा होतात. आपले अडते गणपतराव दोनदा काही बोलले नाहीत. काल बोलले. वीस तारखेला मिरचीची मोठी आवक सुरू होते. त्या सोमवारी पहाटे पाचला मी काट्यावर नसलो तर वजनाला त्यांचा पुतण्या हर्षित बसेल आणि मग तोच बसेल. बाबा गेल्यावर नऊ वर्षं तो काटा मी धरला आहे.

फोन करू नकोस. तुझा नंबर मी ब्लॉक केला आहे, तो तसाच राहील. नत्थूकाका एक दिवसाआड पारशिवनीहून भाजीचा टेम्पो घेऊन कळमन्यात येतात, त्यांच्या हाती लिही. इंजिन कसं चालू करायचं तेवढंच. बाकी गोष्टी नकोत.

आईची तब्येत बरी. माझी विचारू नकोस.

तुझा (नाइलाजाने)
दादा, नागसेन


मु. पारशिवनीजवळ, देवकीबाईची रोपवाटिका
१० जानेवारी

ती. दादास,

स. जय भीम, वि. वि.

पत्र भेटलं. नत्थूकाका म्हणाले का देताना तुझा चेहरा तिखट खाल्ल्यासारखा होता. मी वाचलं, मंग माझाही झाला.

तुझी सायकल, माझी सायकल, हे काय लावलं गा? चालू झाल्यावर दोन दिवस फटफट करत गेला तेव्हा शेजारच्या शोभाताईसमोर कॉलर टाइट करून सांगितलं का आमच्या घरचं इंजिन आहे. चालते तेव्हा घरचं, बंद पडलं का सोनिकाचं. आणि घर सोडून गेली म्हणते. काहून गेली ते नाही लिहिलं. सगळ्या गल्लीसमोर तू मले अर्धवट म्हटलं. आयटीआय अर्धी, शिलाईचा क्लास अर्धा, आता हे इंजिनही अर्धंच राहणार म्हणे. तेव्हा माझे हात ग्रीसने भरले होते आणि ते इंजिन तुझ्याच गुडघ्यासाठी होतं. मी काही बोलली नाही, कारण बोलली असती तर पानाच फेकून मारला असता.

आता आयक. पहिले पेट्रोलचा कॉक पाह्य. टाकीखाली पितळी चावी आहे, ती पाइपाच्या रेषेत उभी म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. तुले सवय आहे घरातले सगळे नळ बंद करत फिरायची. मंग प्लग काढ, त्याच्या वायरची टोपी लावलेलीच राहू दे, आणि प्लगचं लोखंड इंजिनाच्या अंगाले टेकवून मागचं चाक फिरव. निळी ठिणगी दिसली का प्लग चांगला. ठिणगी नसली तर हँडलवरच्या बंद करायच्या बटनाची वायर काढून पाह्य. ती मी एका जुन्या रेडिओतून घेतली होती. रेडिओवरून आठवलं, इथं देवकीबाईकडे असा एक रेडिओ आहे का तो फक्त पाऊस येणार असला तरच लागते. मी तो उघडून राहिली होती, तितक्यात एक वांदर आलं आणि माझा प्लगपाना घेऊन सागाच्या झाडावर बसलं. दोन तास गेले. शेवटी केळं देऊन सौदा केला. बाई म्हणाल्या का एवढ्या वेळात रोपांच्या पाण्याची मोटर दुरुस्त झाली असती, मले कामाले ठेवलं ते त्याच्यासाठीच. खरं आहे, पण पाना तर वरच होता ना.

हां, कुठं होती? पेट्रोल. एका लिटरले चार झाकणं तेल मिसळतो का नाही? ते नसलं तर इंजिन आतून खरवडते, मंग मी काय, कोणीच काही करू शकत नाही. तेल मिसळत नसशील तर हे पत्र फाडून टाक आणि पायी जा.

सोमवार वीस तारीख मले माहीत आहे. दोनदा लिहायची गरज नव्हती, एकदा लिहिलं तरी छातीत बसलं.

आईले जय भीम. तुझ्यावर राग आहे, तो तसाच ठेवून बाकीचा लोभ असू दे.

तुझी
सोनिका


हुडकेश्वर
१३ जानेवारी

चि. सोनिका हिस,

अ. आ.

वांदराची गोष्ट वाचून आई हसली. मी हसलो नाही.

तू लिहिलंस ते सगळं केलं. कॉक उभा आहे. पाइप काढून पाहिला, पेट्रोल येतं. ठिणगी निळी, टपोरी, दोनदा बघितली आणि दुसऱ्यांदा बोटाला झटका बसला. तोही तुझ्याच नावावर लिहितो. बटनाची वायर काढली. रेडिओची वायर सायकलला लावणारी या जगात तूच एक. तरी इंजिन ढिम्म. पेडल मारून गुडघा फुगला, आई रात्री शेकते आणि शेकता शेकता मलाच बोलते की पोरीला बोलला नसतास तर पोरगी इथं असती. म्हणजे तू गेलीस तरी घरात तुझीच बाजू.

आणि तेल मिसळत नाही हा आरोप माझ्यावर? मी नऊ वर्षं पोती मोजतो, पाव किलोची चूक नाही माझी. एका लिटरला चार झाकणं, मोजून, स्वयंपाकघराच्या फळीवर तू ठेवलेल्या त्या तपकिरी औषधाच्या बाटलीतून. एक दिवस चुकला नाही. बाटली अजून अर्धी आहे, येऊन बघ.

उलट तुझ्या इंजिनाचंच काहीतरी आधीपासून बिघडलेलं होतं. नाताळानंतर त्याचा धूरच बदलला. शोभाताई अंगणात येऊन विचारू लागल्या की सकाळी सकाळी जवसाची चटणी कोण भाजतं. गल्लीतली तीन कुत्री सायकलमागे हुडकेश्वर चौकापर्यंत यायची. कळमन्यात हमालांनी मला चटणीवाला नाव ठेवलं आहे. नऊ वर्षांत कमावलेली इज्जत तुझ्या भंगाराने आठवड्यात घालवली.

आज तेरा तारीख. सात दिवस. हर्षित परवा काट्याशेजारी खुर्ची टाकून बसला होता, शिकतो म्हणाला.

इंजिन चालू कर, नाहीतर तसं सांग. मी ते उपटून फेकतो.

नागसेन


रोपवाटिका, पारशिवनी
१५ जानेवारी

ती. दादास,

स. जय भीम, वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि आधी तीन ओळी अशा लिहिल्या का त्या खोडाव्या लागल्या. दिसतात का खालून? दिसल्या तर वाच, त्या खऱ्याच होत्या. इज्जत गेली म्हणे. माझ्या इंजिनाने धूर केला तर इज्जत जाते, आणि तू मले गल्लीत

थांब. चटणी?

दादा, ती तपकिरी बाटली. मी जाताना त्यात थोडंसंच तेल होतं, पंधरा दिवस पुरेल एवढं. आणि तू लिहिते का ती अजून अर्धी आहे. कशी काय अर्धी गा? रोज घेऊन बाटली भरते काय?

आईले विचार. आत्ता उठ आणि विचार. घरात तेलाची बाटली रिकामी ठेवायची नाही ही तिची रीत, आजीपासूनची. तेलघाणीवरून जवसाचं तेल आणलं का फळीवर जी बाटली रिकामी दिसेल ती ती भरते. माझी बाटली तिच्याच फळीवर होती, तिच्याच तेलांच्या ओळीत. तिनं भरली असेल. आणि तू ते मोजून चार झाकणं रोज इंजिनाले पाजलं. पाव किलोची चूक नाही, पण वास नाही घेतला एकदाही! शोभाताईले कळलं, कुत्र्याईले कळलं, तुले नाही कळलं!

आईवर ओरडू नको. तिच्या घरात तिनं बाटली भरली. तुझ्यावरही मी आता पुरतं ओरडू शकत नाही, याचाच मले जास्त राग येऊन राहिला. बाटलीवर चिठ्ठी चिकटवायची होती. डिंक आणायले गेली, रस्त्यात एक पतंगवाला भेटला, मंग ते राहिलं. अर्धं राहिलं. हा शब्द तुले परत वापरायची गरज नाही, मी इथं स्वतःच वापरला, मोठ्यानं, आणि देवकीबाईनं आयकला.

जवस सुकलं का वॉर्निशसारखं चिकट होते. दारं रंगवतात ते त्याच्यानंच. ते कार्बोरेटरच्या बारीक भोकात जमून बसलं आहे. ठिणगी आहे, पेट्रोलही आहे, पण आत काही जातच नाही. टाकी पूर्ण रिकामी कर. रंगाच्या दुकानातून थिनर आण. कार्बोरेटर दोन स्क्रूवर आहे, काढून रात्रभर थिनरमध्ये बुडव. भोकात सुई घालू नको, भोक मोठं होते. वायरीतली तांब्याची एक तार काढून ती फिरव. प्लग पुसून घे. मंग नवं पेट्रोल, आणि तेल पेट्रोलपंपावरचं टू-टी, हिरवं. बाटली पलंगाखाली ठेव. आईच्या फळीवर नको.

शनिवारी कर. रविवारी चालवून पाह्य. सोमवार चुकवू नको गा दादा. बाबाचा काटा आहे तो.

लोभ कमी झाला असेल तर मोजून कळव.

सोनिका


कळमना मार्केट यार्ड
२० जानेवारी, सोमवार

चि. सोनिका हिस,

अनेक आशीर्वाद. या वेळी पूर्ण लिहिले.

आईला विचारलं. तिने दोनदा भरली होती. म्हणाली की बाटली रिकामी दिसली, भरली, त्यात एवढं कोर्टात उभं करण्यासारखं काय. मग शांतपणे विचारलं की त्यातल्या हिरव्या तेलात तिने स्वतः कधी भाजी तर केली नाही ना. तिघांचं नशीब, नाही.

शनिवारी थिनर आणलं. भोकातून निघालेला गोळा काळपट, चिवट, डिंकासारखा. रविवारी दिवसभर चालू झालं नाही. मी तुला इतक्या शिव्या दिल्या की शोभाताईंनी खिडकी लावून घेतली. संध्याकाळी लक्षात आलं की प्लग पुसून टोपी लावायची राहिली होती. ही गोष्ट तुला कळवायची नाही असं मी ठरवलं होतं.

आज चार वाजता दुसऱ्या पेडलला लागलं. पाचला वीस मिनिटं कमी असताना मी यार्डात होतो. हर्षितची खुर्ची काट्याशेजारी आधीच मांडलेली होती, तो चहाला गेला होता. मी त्या खुर्चीवर बसलो नाही. काट्यावरच बसलो, पोतं ठेवतात तिथे, मांडी घालून. गणपतराव आले तेव्हा म्हणाले की हे काय नवीन. मी म्हणालो की काटा तपासतो आहे. ते हसले नाहीत, पण हर्षितला त्यांनी दुसऱ्या ओट्यावर कांद्याकडे पाठवलं.

काटा बरोबर आहे. माझे छप्पन किलो दाखवले. पोती पडली त्या सकाळी मी इथेच बासष्ट भरलो होतो. सहा किलो कुठे गेले ते मला माहीत आहे आणि ते सगळेच गुडघ्याचे नाहीत. आईला कळवू नकोस.

राग गेलेला नाही. टाकीवरचा तुझा खडू आईने अजून पुसू दिलेला नाही, रोज पाणी काढताना दिसतो आणि रोज नव्याने येतो. गल्लीसमोर जे बोललो ते गल्लीसमोरच परत घेता येईल, पण त्यासाठी ज्याला बोललो तो माणूस गल्लीत लागतो.

ये म्हणत नाही. बुधवारी येताना नत्थूकाकांच्या टेम्पोत जागा नसते, पण शुक्रवारी येताना केबिनमध्ये एक जागा मोकळी आहे असं ते म्हणाले. एवढंच कळवतो. येताना डिंक आण.

तुझा
दादा

ता. क. नंबर ब्लॉकमधून काढला आहे. फोन करू नकोस, आधी पत्र लिही.